भीड कुणाची ठेवायची?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातलं सौंदाळा हे गाव नोव्हेंबर २०२४ मध्ये एका ठरावामुळे राज्यभर गाजलं. गावात आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याकडून ५०० रुपये दंड घ्यायचा, असं ग्रामसभेनं ठरवलं. ठरावामागचा हेतू बायकांच्या सन्मानाचा होता. त्याच सुमारास गावानं आणखी एक निर्णय घेतला. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात मुलांच्या हातात मोबाइल द्यायचा नाही.

दंड वसूल कोण करणार, शिवी ऐकल्याचा साक्षीदार कोण, हे प्रश्न उरतातच. पण या ठरावाचं मोल दंडाच्या रकमेत नाही. मुलं बिघडली म्हणून हळहळणारी गावं पुष्कळ आहेत. इथं गावानं मोठ्यांच्या तोंडाला लगाम घातला आणि तोही चारचौघांत, ग्रामसभेत. लहान मुलांच्या आईबापांना एरवी जे बोलायचं धाडस होत नाही, ते एका गावानं कागदावर आणलं.

दोन ते सहा वर्षांच्या मुलांचे पालक एकत्र आले की बाहेरच्या वाऱ्याची चिंता निघतेच. बालवाडीतून मूल नवा शब्द घेऊन येतं. शेजारचा मोठा मुलगा मारामारीचे व्हिडिओ दाखवतो. पाळणाघरात दिवसभर टीव्ही सुरू असतो. ही चिंता खोटी नाही. पण या वयाच्या मुलाचं ‘बाहेर’ असतं तरी केवढं? आजी-आजोबा, काका, मामा, आत्या, शेजारी, घरकामाच्या मावशी, रिक्षावाले काका, बालवाडीतल्या ताई. म्हणजे मुलावर बाहेरून जो परिणाम होतो, त्याचा मोठा वाटा ओळखीच्या माणसांकडूनच येतो. आणि नेमकं त्यांनाच काही सांगायचं म्हटलं की जीभ अडखळते. अनोळखी माणसाला आई तडकाफडकी सुनावते. दिरासमोर, नणंदेसमोर, सासऱ्यांच्या मित्रासमोर मात्र ती गप्प बसते. खरी अडचण या भिडेची आहे आणि तिची किंमत मूल मोजतं.

मूल मोठ्यांचं पाहून शिकतं, हे आपल्याकडे कुणाला नव्यानं सांगावं लागत नाही. पण ते किती झटपट आणि किती तंतोतंत शिकतं, हे १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगानं दाखवलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली ७२ मुलं अल्बर्ट बांडुरा, डोरोथिया रॉस आणि शीला रॉस या अभ्यासकांनी निवडली. वय साधारण तीन ते पावणेसहा वर्षं. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसानं हवा भरलेल्या ‘बोबो’ नावाच्या बाहुल्याला ठोसे मारले, हातोडीनं हाणलं, हवेत भिरकावलं आणि ते करताना तोंडानं मारामारीची भाषाही वापरली. काही मुलांसमोर तोच माणूस शांतपणे दुसऱ्या खेळण्यांशी खेळत राहिला. उरलेल्या मुलांना असं काहीच दाखवलं नाही. पुढे मुलांना दुसऱ्या खोलीत खेळण्यांजवळ सोडलं, तेव्हा मारहाण पाहिलेल्या मुलांतल्या अनेकांनी तशाच लाथा-ठोशांची नक्कल केली. ऐकलेले शब्दही जसेच्या तसे उच्चारले. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, की शाबासकी दिली नव्हती. १९६३ मध्ये याच अभ्यासकांनी चित्रफितीवरची आणि कार्टूनच्या रूपातली मारहाण दाखवूनही प्रयोग केला. मुलांनी तीही उचलली.

बाहुल्याला मारणं म्हणजे माणसाला मारणं नव्हे, असा आक्षेप या प्रयोगावर घेतला गेला आणि तो रास्त आहे. अशी मुलं पुढे हिंसक होतात, असं त्यातून सिद्ध होत नाही. पण मुलाला उद्देशून न केलेली गोष्टही ते टिपतं, एवढं नक्की कळतं.

आता आपल्या घरातला प्रसंग पाहू. अडीच-तीन वर्षांचं मूल बोबड्या बोलात पहिली शिवी हासडतं. खोलीभर हशा पिकतो. ‘पुन्हा म्हण, पुन्हा म्हण’ असा आग्रह होतो, कुणीतरी मोबाइल काढून चित्रण करतं आणि ते कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर जातं. मुलाला अर्थ कळलेला नसतो, पण या शब्दानं सगळे आपल्याकडे बघतात, हे पक्कं कळतं. तीन महिन्यांनी तोच शब्द ते बालवाडीत ताईंना म्हणतं, तेव्हा पहिला फटका त्यालाच बसतो. हसलेल्यांपैकी कुणी त्या वेळी तिथं नसतं.

गमतीच्या नावाखाली चालणारी चिडवाचिडवी ही याचीच दुसरी बाजू. ‘तुला बोहारणीकडून जुन्या कपड्यांवर घेतलं’, ‘आता बाळ आलं, तुला कोण विचारणार?’, ‘आई गेली तुला टाकून’, ‘मुलगा असून रडतोस?’, ‘ही आईसारखी गोरी नाही झाली’. मोठ्यांना ठाऊक असतं की हे खोटं आहे किंवा उगाच म्हटलेलं आहे. तीन वर्षांच्या मुलाला ते ठाऊक नसतं. मोठ्या माणसाचा शब्द त्या वयात खराच असतो. मूल रडकुंडीला आलं की ‘किती हळवं आहे हो तुमचं’ असा शेरा आईच्याच पदरात पडतो.

तंबाखूचं काय? दुसऱ्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार (२०१६-१७) महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते आणि त्यातले बहुतेक धूर न होणाऱ्या प्रकारात, म्हणजे मळलेली तंबाखू, मावा, मिश्री. गुटख्यावर राज्यानं २०१२ मध्येच बंदी घातली, तरी पुड्या दिसतातच. पहाटे चुलीपाशी बसून मिश्री लावणाऱ्या आजीच्या मांडीवर नातवंडं खेळतात आणि एक दिवस डबीत बोट घालून स्वतःच्या दातांना लावून बघतात. ‘जा रे, टपरीवरून एक पुडी घेऊन ये’ असं पाच-सहा वर्षांच्या मुलाला सांगणाऱ्या माणसाला आपण काही चुकीचं करतोय असं वाटतही नाही. कायदा मात्र याकडे गांभीर्यानं पाहतो. तंबाखू नियंत्रणाच्या २००३ च्या कायद्यानुसार १८ वर्षांखालच्यांना तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत विक्री करता येत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लग्नाच्या वरातीत किंवा ओल्या पार्टीत ‘एक घोट घे रे’ म्हणून लहानग्याच्या ओठाला ग्लास लावणाऱ्या काकांना हे कलम एकदा तरी वाचून दाखवायला हवं. सिगारेटचा धूर तर मुलानं काही उचलण्याचीही वाट पाहत नाही. घरात धूर असला की लहान मुलांना दमा, कानाचे आणि छातीचे आजार जास्त होतात, हे वैद्यकशास्त्रानं केव्हाच मान्य केलं आहे.

इथवरच्या गोष्टींत भीड बाळगली तर सवयी बिघडतात. पुढच्या गोष्टीत त्याहून मोठा धोका आहे.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून बाल अत्याचारांवरचा अहवाल प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक, ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं आणि अत्याचार करणाऱ्यांत सुमारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ मध्ये आला. त्यानंतरच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांतही चित्र तेच आहे. बलात्काराच्या नोंदींत ९० टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीतले असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या आसपासच्या दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्यानं अत्याचार केल्याची तक्रार आली, तेव्हा २० ऑगस्टला संतापलेल्या लोकांनी बदलापूर स्थानकात रेल्वे अडवली. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि गुन्हा नोंदवताना झालेल्या दिरंगाईबद्दल पोलिसांना सुनावलं. तो संताप योग्यच होता. पण रुळांवर उतरायची हिंमत दाखवणारा समाज दिवाणखान्यात मात्र गप्प राहतो, हे मान्य करायला हवं.

कारण तिथं काय घडतं? पाहुणे येतात. मूल आईच्या मागे लपतं. ‘काकांना पापा दे. दे ना! असं नाही करायचं, काका रागावतील.’ मूल अंग चोरतं, तरी त्याला ओढून मांडीवर बसवलं जातं. काकांच्या मनात वावगं काही नसेलही, बहुतेक वेळा नसतंच. पण मुलाच्या मनात नोंद होते ती अशी की, आपल्याला नकोसा वाटला तरी मोठ्यांचा स्पर्श सहन करायचा असतो, नाही म्हणणं उद्धटपणाचं असतं आणि आईही या वेळी आपली बाजू घेत नाही. एकीकडे शाळेत ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ यांचा तक्ता दाखवायचा आणि दुसरीकडे घरी त्याच मुलाचं ‘नको’ धुडकावायचं, तर त्या तक्त्याचा काय उपयोग?

म्हणून पापा द्यायचा की नाही, हे मुलाला ठरवू द्यावं. नमस्कार कर, टाळी दे किंवा लांबून टाटा कर. यातलं त्याला आवडेल ते. पाहुण्यांचा मान राहतो आणि मुलाच्या शरीरावरचा त्याचा हक्कही. ‘हे आपलं गुपित हं, आईला सांगायचं नाही’ अशी कोणत्याही मोठ्या माणसाशी गुपितं ठेवायची नाहीत, चॉकलेटचीसुद्धा, हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावा. आणि मुलानं काही सांगितलं, तर ‘ते असं करणारच नाहीत’ हे वाक्य तोंडातून निघू देऊ नये. पॉक्सोनुसार अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते.

बोलायचं कसं, हा प्रश्न तरी उरतोच. घराघरांत चालू शकेल असा एक साधा नियम आहे. ज्याचं माणूस, त्यानं सांगायचं. सासऱ्यांच्या सिगारेटबद्दल सुनेनं नव्हे, मुलानं बोलावं. मामाच्या शिव्यांबद्दल जावयानं नव्हे, बहिणीनं. आजवर हे ओझं बहुतेक घरांत एकट्या सुनेवर पडत आलं आणि तिनं तोंड उघडलं की ती ‘शिष्ट’ ठरली. सांगताना माणसाचा अपमान नको, कृती तेवढी थांबवायची. ‘दादा, सिगारेट गच्चीवर ओढा, इथं बाळ आहे.’ ‘आत्या, तिच्या रंगावरून नका ना बोलू, तिला समजतं आता.’ ‘आजोबा, तो जेवत असताना मोबाइल नको, त्यापेक्षा तुम्ही गोष्ट सांगा.’ शेवटच्या वाक्यात मनाईबरोबर आमंत्रणही आहे आणि ते मनापासूनचं असावं. आजोबांची गोष्ट, आजीचं गाणं, आत्याचे लाड हे सगळं मुलाला हवंच आहे. नातलगांना दारं बंद करून वाढवलेलं मूल सुरक्षित होत नाही, एकाकी होतं.

पण नुसत्या घरातल्या बोलण्यानं भागेल, असं मानणं सुखवस्तू कुटुंबाला परवडतं. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं राहतात तिथं, ऊसतोडीच्या कोप्यांवर, रस्त्याच्या कडेच्या वस्तीत आईनं मुलाला कशाकशापासून लांब ठेवायचं? तिथं आजूबाजूच्या सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं आणि असं ठरवता येतं याचा दाखला सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. त्यानंतर दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. कोरोनाकाळातल्या ऑनलाइन वर्गांनंतर मुलांच्या हातातला मोबाइल सुटेना, हे त्यामागचं कारण. पण गावानं फक्त मुलांचे मोबाइल काढून घेतले नाहीत, मोठ्यांनीही आपले बाजूला ठेवले. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशाताई, शिक्षक आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघरी जाऊन समजावत होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या बाळांना स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त नको, असं सांगितलं होतं. ते पाळायला एकट्या आईला जड जातं. सगळं गाव एका वेळी पडदा बंद करतं तेव्हा शेजारच्या मालिकेचा आवाज भिंतीतून येत नाही आणि मूल हट्ट धरत नाही.

अशी गावं बोटांवर मोजण्याइतकी आहेत, कारण हा विषय कुठल्या बैठकीत निघतच नाही. शहरातल्या गृहनिर्माण संस्थांच्या सभांत पार्किंग आणि पाण्याच्या टाकीवर तासन्‌तास वाद होतात. बालवाडीच्या पालकसभेत स्नेहसंमेलनाच्या पोशाखाचा खर्च निघतो. मुलांना नेणाऱ्या-आणणाऱ्या गाडीच्या चालकाची पोलीस पडताळणी झाली आहे का, पाळणाघरात दिवसा टीव्ही किती वेळ चालतो, आवारात मुलं खेळत असताना सिगारेट ओढणाऱ्याला कुणी अडवायचं, फाटकासमोरच्या टपरीचं अंतर कुणी मोजलं का, मूल घाबरून काही सांगू लागलं तर शाळेत त्यानं नेमकं कुणाकडे जायचं, हे पाच प्रश्न आधी घ्यायला हवेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, पैसा लागत नाही. येत्या पालकसभेच्या आठ दिवस आधी दोन-चार पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना किंवा बालवाडीच्या ताईंना लेखी पत्र द्यावं, हे प्रश्न विषयपत्रिकेवर घ्यायला लावावेत आणि मिळालेली उत्तरं सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत.