सीटी स्कॅन नॉर्मल, तरी उजेड सोसवेना : डोक्याच्या माराचा कागदावर न येणारा त्रास

दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागला, की घरचे पहिल्यांदा विचारतात, ‘सीटी स्कॅनमध्ये काय आलं?’ ‘नॉर्मल’ ऐकलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण अनेकांची खरी अडचण त्यानंतर सुरू होते. ट्यूबलाइट टोचते, मोबाईलकडे बघवत नाही, रात्री समोरच्या गाडीच्या हेडलाइटने डोकं भणाणतं. डॉक्टर याला ‘फोटोफोबिया’ म्हणतात. घरी आणि कामावर मात्र ‘नाटकं’ म्हटलं जातं.

ही नाटकं नाहीत. सीटी स्कॅन मुख्यतः रक्तस्राव आणि हाडाचं फ्रॅक्चर शोधतो. मेंदूला बसलेल्या हादऱ्यात, म्हणजे कन्कशनमध्ये, पेशींचं कामकाज बिघडतं. ते स्कॅनमध्ये सहसा दिसत नाही. डोळ्यांकडून येणारा उजेडाचा संदेश आणि डोक्यातल्या वेदना वाहणाऱ्या नसा मेंदूत एकमेकांशी जोडलेल्या असतात. हे जाळं हळवं झालं, की साधा उजेडही दुखतो. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ओसरतो, काहींचा कित्येक महिने टिकतो.

उपचाराचा सल्लाही बदलला आहे. अंधाऱ्या खोलीत दिवसेंदिवस पडून राहणं आता योग्य मानत नाहीत. खेळातील कन्कशनवर २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला झालेल्या परिषदेने पहिले २४ ते ४८ तास हलकी विश्रांती आणि मग झेपेल तशी हालचाल सुचवली. घरातही सतत काळा गॉगल लावला, तर डोळे अंधाराला सरावतात आणि उजेड जास्तच टोचतो. गॉगल-टोपी उन्हापुरती ठेवावी. मात्र वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, फिट किंवा हातापायात कमजोरी दिसली, तर आधीचा स्कॅन नॉर्मल असला तरी लगेच रुग्णालय गाठावं.

सीमाभागात यात कागदपत्रांची भर पडते. चंदगडचा रुग्ण बेळगावात जातो, निपाणीचा कोल्हापुरात. अपघात एका राज्यात, उपचार दुसऱ्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ नुसार भरपाईचा दावा अपघात झाला तिथेच करावा लागतो असं नाही. अर्जदार राहतो किंवा कामधंदा करतो, तिथल्या न्यायाधिकरणातही तो करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातली आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, पण मेंदूच्या दुखापतीचा वेगळा प्रकार नाही. दुसरीकडे, ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं, की कायमच्या अपंगत्वाची नुसती टक्केवारी पाहायची नाही. माणसाच्या कमाईवर काय परिणाम झाला ते बघायचं. उजेड सोसत नसेल तर रात्रीचा ट्रकचालक, वेल्डर किंवा कॉम्प्युटरवर बसणारा कारकून यांचा रोजगारच अडतो. पण डिस्चार्ज कार्डवर फक्त ‘सीटी नॉर्मल’ असेल, तर हे सिद्ध करणं अवघड जातं.

म्हणून प्रत्येक तपासणीत त्रास सांगून तो केसपेपरवर लिहून घ्यावा : कोणता उजेड सोसत नाही, किती वेळ सोसत नाही आणि त्यामुळे कोणतं काम अडतं. टिकून राहिलेल्या त्रासासाठी न्यूरॉलॉजिस्ट आणि नेत्रतज्ज्ञ दोघांनाही दाखवावं. दोन्ही राज्यांतल्या कागदांची एकच फाईल ठेवावी. शाळेतल्या मुलासाठी किंवा कामावरच्या माणसासाठी सवलत मागतानाही हाच कागद उपयोगी पडतो.