काळजातली आडवाट

नाडी बेफाम पळू लागली की, हृदयातली वीज भलत्याच वेगाने धावते आहे असे कुणालाही वाटेल. वाचकहो, पुष्कळदा प्रकार उलटा असतो!

हृदयाच्या खास तंतूंतून ही लहर सेकंदाला २ ते ४ मीटर जाते; वरच्या नि खालच्या कप्प्यांमधल्या गाठीत मात्र जेमतेम ५ सेंटिमीटर. ही दिरंगाई हिताची. तेवढ्यात वरचे कप्पे आपले रक्त खाली रिते करतात. (सरकारी कचेऱ्यांनी एवढेच वाक्य कापून ठेवू नये.)

कित्येकांच्या या गाठीपाशी दोन वाटा असतात, एक जलद, एक मंद. माझ्या धाकट्या भावाच्या होत्या. ठोका अवेळी पडला की जलद वाट अजून दमलेली असते. लहर मंद वाटेने उतरते. ती रमतगमत पोचेतो जलद वाट ताजीतवानी झालेली, म्हणून तिच्यावरून लहर उलटी वर चढते. मग फेऱ्याच फेऱ्या, नाडी १८०! केंब्रिजच्या जॉर्ज माइन्सने १९१३ साली कासवाच्या हृदयाच्या कड्यात अशी प्रदक्षिणा घडवून दाखविली होती.

मांडीच्या शिरेतून तार सरकवून डॉक्टरांनी ती मंद वाट डागली. चटका जरा शेजारी बसता तर जन्माचा पेसमेकर. दोन तास भावजय बाहेर बाकावर स्वतःचीच नाडी मोजीत बसली होती.