आठशेला टर्बो

परवा शनिवारी सकाळी पोहे खात होतो, तेवढ्यात भाचा आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड. उघडून बघतो तर टर्बो! भंगारात निघालेल्या कुठल्यातरी डिझेल गाडीचा, जुन्या बाजारातून घासाघीस करून आणलेला. "मामा, आजोबांच्या आठशेला बसवूया. तू फक्त हो म्हण."

बाबांची मारुती ८०० म्हणजे १९९६ची, कार्ब्युरेटरवाली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांनी चालवणं सोडलं, पण दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जायला त्यांना अजूनही तीच लागते. म्हणजे हा काही शेडमध्ये ठेवलेल्या खेळण्याचा प्रश्न नव्हता.

आता या विषयावर तोंड उघडलं की दोन प्रकारचे लोक भेटतात. पहिले म्हणतात, कार्ब्युरेटरवर टर्बो चालतच नाही, आधी फ्युएल इंजेक्शन करून घे. दुसरे म्हणतात, त्यात काय एवढं, चार पाइप जोडले की झालं. मला दोघांचाही राग येतो. दुसऱ्यांचा जरा जास्त, कारण एके काळी मी त्यांच्यातलाच होतो.

पहिल्यांना उत्तर सोपं आहे. अमेरिकेत १९६२ साली शेवरोलेची कॉर्वेअर मोन्झा स्पायडर आणि ओल्ड्समोबिलची जेटफायर या दोन गाड्या कारखान्यातूनच टर्बो लावून बाहेर पडल्या, दोन्ही कार्ब्युरेटरवाल्या. मासेराटीची बायटर्बो १९८१ची, रेनॉ ५ जीटी टर्बो १९८५ची. त्यांनाही कार्ब्युरेटरच. तेव्हा 'चालतच नाही' हे म्हणू नका. कसं चालवलं ते बघा.

रस्ते दोन. एक, कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी. मग टर्बो हवेबरोबर पेट्रोलही ओढतो. जोडणी सोपी, कार्ब्युरेटरला काही कळतसुद्धा नाही. पण ओलं मिश्रण लांब पाइपातून जाताना भिंतींवर पेट्रोल साचतं, मध्ये इंटरकूलर टाकायची सोय राहत नाही, आणि ॲक्सिलरेटर सोडला की निर्वात तयार होऊन टर्बोच्या सीलमधून ऑइल आत खेचलं जातं. साध्या सीलचा टर्बो इथे चालत नाही. दुसरा रस्ता, कार्ब्युरेटर टर्बोच्या नंतर. मासेराटी आणि रेनॉने हाच घेतला. माझ्या मते हाच शहाणपणाचा, पण फसवा.

का फसवा? आपण म्हणतो, कार्ब्युरेटर पेट्रोल 'ओढतो'. खरं तर ते ढकललं जातं. फ्लोट चेंबरमधल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो, व्हेंचुरीत हवेचा वेग वाढून दाब कमी होतो, आणि त्या फरकावर पेट्रोल जेटमधून वर येतं. म्हणजे बाहेरचा दाब हा कार्ब्युरेटरचा 'शून्य' आहे. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल: सगळा कोड एक गृहीतक धरून लिहिलाय आणि ते कुठेच नोंदवलेलं नाही. टर्बोने वरून अर्धा बार दाब दिला की शून्यच सरकतो. मग तोच दाब फ्लोट चेंबरलाही द्यावा लागतो. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं.

आम्हालाही होतं. २००४ साली मी आणि एका मित्राने त्याच्या पद्मिनीवर हा उद्योग केला होता. फ्लोट चेंबरला नळी जोडली आणि स्वतःवर भलतेच खूश झालो. विसरलो तो पंप. जुन्या गाडीचा मेकॅनिकल पंप चारपाच पीएसआय दाब देतो. अर्धा बार म्हणजे सात पीएसआय. फ्लोट चेंबरमध्ये सात आणि मागून येणारं पेट्रोल पाचचं, मग ते आत शिरणार कसं? खंबाटकी चढताना पहिली काही सेकंदं स्वर्ग होता. चेंबरमध्ये साठलेलं पेट्रोल संपलं, मिश्रण पातळ झालं, इंजिनातून टिणटिण आवाज आला आणि मागे पांढरा धूर. उघडून पाहिलं तर पिस्टनच्या माथ्यावर आठ आण्याएवढं भोक. पंपाच्या डायफ्रामच्या मागच्या बाजूला तोच दाब देणारी एक नळी, बस्स, तेवढीच राहिली होती. मित्राच्या वडिलांनी सहा महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. (बरोबरच होतं म्हणा.)

हे सगळं भाच्याला सांगितलं. "म्हणजे ती नळी जोडली की झालं," तो म्हणाला. घ्या!

मग कागद काढला. ३० अंशांची हवा दीडपट दाबली आणि कॉम्प्रेसर ६५ टक्के कार्यक्षम धरला, तर ती ८७ अंशांच्या आसपास पोचते. गरम हवा पसरते, त्यामुळे दीडपट दाबातून हवा मिळते फक्त सव्वापट. वर इतकी गरम हवा नॉकिंगला आमंत्रणच. जेटफायरवाल्यांनी यावर पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारायची युक्ती केली होती. मालक लोक टाकी भरायचेच विसरायचे, आणि पुढे कंपनीलाच टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यावा लागला. त्यात हा टर्बो डिझेलचा. पेट्रोल इंजिनाचा धूर डिझेलपेक्षा बराच तापट, तो याला किती दिवस झेपणार? शिवाय आकारानेही मोठा, म्हणजे गाडीला जाग येईपर्यंत सिग्नल पुन्हा लाल.

कायद्याचंही सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम, आरसी बुकातल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. पंधरा वर्षं उलटलेली गाडी दर पाच वर्षांनी आरटीओत न्यावी लागते. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा बॉनेट उघडेल.

तरीही माझं मत 'नको' असं नाही. टर्बो, पंप, इग्निशन टायमिंग, जेट हे सगळं स्वतःच्या हाताने जुळवणं यासारखं शिक्षण नाही. पण ते भंगारातून आणलेल्या वेगळ्या इंजिनावर, स्टँडवर ठेवून. ज्या गाडीत बाबा बसतात तिच्यावर नाही. आणि रस्त्यावर न्यायचीच असेल तर आधी ब्रेक. ते ३७-३८ घोड्यांच्या हिशोबाने बसवलेले आहेत.

भाचा गप्प. मग म्हणाला, "निदान कॉम्प्रेशन तरी बघू."

बघितलं. दोन सिलिंडर ठीक, तिसरा त्यांच्यापेक्षा ३० पीएसआयने कमी. थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजलं तरी वर येईना, म्हणजे बहुधा व्हॉल्व्ह. बाबा गॅलरीतून बघत होते. "गुरुवारपर्यंत होईल ना रे?"

आत्ता रविवारची दुपार. हेड उतरवलंय, भाच्याचे हात कोपरापर्यंत काळे आहेत आणि टर्बो बाबांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून बसलाय.