घोड्याचे प्रतिपिंड आणि माणसाचे हरवलेले जनुक

मृग-आर्द्राच्या पावसानंतर भंडारा जिल्ह्यात धानाच्या रोवणीला वेग येतो. तुमसर, मोहाडी, पवनी, लाखांदूरच्या बांध्यांमध्ये पोटरीभर चिखलात वाकून स्त्री-पुरुष दिवसभर पऱ्हे रोवतात. बिळांत पाणी शिरले की साप धुऱ्यावर येतात आणि रात्री जमिनीवर निजलेल्या कुटुंबाच्या अंथरुणात मण्यारासारखा साप शिरतो. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला आहे. यातील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातील आहेत. मांत्रिकाच्या दारात वेळ न दवडता जो रुग्ण दवाखान्यात पोहोचतो, त्याचे प्राण वाचवणारी 'लस' हे खरे तर घोड्याच्या रक्तातून काढलेले प्रतिविष असते.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अल्प मात्रेत घोड्याला टोचत जायचे, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली की ती वेगळी काढून शुद्ध करायची, ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. महाराष्ट्रात हाफकिनने हे काम अनेक दशके केले. विष येते ते प्रामुख्याने तामिळनाडूतील इरुला वनवासी बांधवांच्या सहकारी संस्थेकडून. पिढीजात साप पकडणाऱ्या या समाजाचे आणि मुक्या घोड्यांचे आपल्यावर केवढे ऋण आहे, याची जाणीव मात्र क्वचितच ठेवली जाते.

या उपचाराला एक दुखरी बाजू आहे. काही रुग्णांना प्रतिविष सुरू होताच अंगावर गांधी उठतात, थंडी भरते, रक्तदाब कोसळतो. काहींना आठ-दहा दिवसांनी ताप आणि सांधेदुखी सुरू होते. अ‍ॅड्रिनॅलिन हाताशी असले की अशा तीव्र प्रतिक्रियेवर सहसा मात करता येते. तरीही एकट्या डॉक्टरच्या मनातली भीती जात नाही, आणि मग 'नागपूरला न्या' हा सल्ला दिला जातो. त्या प्रवासात जी मोलाची घटका निघून जाते, ती परत मिळत नाही.

माणसाचे शरीर घोड्याच्या रक्ताला परके का मानते? हंगानुत्झिउ यांनी १९२४ मध्ये आणि डायशर यांनी १९२६ मध्ये असे दाखवले, की घोड्याचे रक्तद्रव्य दिलेल्या रुग्णांच्या शरीरात एक विशिष्ट प्रतिपिंड तयार होते. ते ज्या पदार्थाविरुद्ध उभे राहते, तो सायलिक आम्लाचा एक प्रकार, पेशींच्या पृष्ठभागावरील एक शर्करा आहे, हे पुढे काही दशकांनी उलगडले. घोडा, गाय, डुक्कर, चिंपांझी अशा बहुतेक सस्तन प्राण्यांत 'सीएमएएच' नावाचे जनुक ही शर्करा घडवते. माणसात मात्र त्या जनुकातील ९२ अक्षरांचा तुकडा वीस-तीस लाख वर्षांपूर्वी गळून पडला आणि ते कायमचे निकामी झाले. हा शोध १९९८ मध्ये पुढे आला. त्यामागे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि कॅलिफोर्नियात संशोधन करणारे अजित वर्की यांच्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा होता. निसर्गाने आपल्या पूर्वजांपासून हिरावून घेतलेली ही शर्करा पुन्हा शरीरात आली, की रक्त तिला शत्रू समजते.

जगाने या ज्ञानाचा उपयोग केला तो डुकराच्या अवयवांसाठी. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे ७ जानेवारी २०२२ रोजी डेव्हिड बेनेट या रुग्णात डुकराचे हृदय बसवले गेले. त्या डुकराच्या जनुकांत दहा बदल केले होते आणि निकामी केलेल्या जनुकांत हेच 'सीएमएएच' होते. रुग्ण दोन महिने जगला. त्यानंतर काही रुग्णांत अशा डुकरांची मूत्रपिंडे कित्येक महिने चालली. भारतात डॉ. धनीराम बरुआ यांनी १९९७ मध्येच आसाममध्ये डुकराचे हृदय बसवले होते. रुग्ण आठवडाभरात दगावला आणि डॉक्टरांना तुरुंगात जावे लागले. या शर्करेचे कोडे तेव्हा उलगडलेले नव्हते, कायद्याची परवानगीही नव्हती. धाडस होते, पण पाठीशी शास्त्र नव्हते.

मूत्रपिंडासाठी वर्षानुवर्षे ताटकळणाऱ्या रुग्णाचे दुःख कोणी कमी लेखू नये. परंतु डुकराचे हृदय भंडाऱ्याच्या सामान्य घरापर्यंत कधी पोहोचेल हे सांगणे कठीण आहे. घोड्याचे प्रतिपिंड मात्र तेथील माणसाच्या शिरेत दर पावसाळ्यात जातच आहे. मग ज्या ज्ञानाने डुक्कर 'माणसाळवले', त्याची दिशा प्रतिविषाकडे का वळू नये? फ्रान्समधील नांत येथील झेनोथेरा या कंपनीने ही शर्करा नसलेल्या डुकरांपासून कोविडविरोधी प्रतिपिंडे तयार केली होती, म्हणजे वाट अगदीच अनोळखी नाही. कोंबडीतही ही शर्करा नसते. अंड्याच्या बलकातून प्रतिविष काढण्याचे प्रयोग झाले आहेत. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर यांच्या गटाने २०२४ मध्ये परदेशी संशोधकांच्या साथीने नाग-मण्यार वर्गातील सापांच्या एका मज्जाविषावर चालणारे मानवी प्रतिपिंड सिद्ध केले. त्यात घोड्याची गरजच उरत नाही.

अर्थात प्रतिविषाच्या प्रत्येक त्रासाचे खापर या एका शर्करेवर फोडता येणार नाही. आपल्याकडील उत्पादनात प्रतिपिंडाचे शेपूट पेप्सिनने छाटतात आणि त्याबरोबर बरीचशी शर्कराही निघून जाते. शुद्धीकरणातील उणिवा, परक्या प्रथिनांचे प्रमाण, ही कारणेही तितकीच खरी. शिवाय आज हाती असलेले प्रतिविष हाच सर्पदंशावरचा एकमेव खात्रीचा इलाज आहे, प्रतिक्रियेच्या भयाने तो नाकारणे म्हणजे जीव गमावणे होय.

सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. त्यात महाराष्ट्राचा वाटा काय, हे राज्य शासनाने सांगितले पाहिजे. हाफकिनसारख्या आपल्या जुन्या संस्थेला पैसा आणि तरुण संशोधक देऊन बेंगळुरूशी जोडून द्यावे. परदेशी पेटंटांच्या दारात उभे राहण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. संशोधनाला वर्षे लागतील, पण दवाखान्यांना तेवढी सवलत नाही. साकोली-लाखनीपासून पवनीपर्यंतच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या कुप्या, अ‍ॅड्रिनॅलिन आणि ते न घाबरता देणारा प्रशिक्षित डॉक्टर आहे की नाही, याची चौकशी गावोगावच्या कार्यकर्त्यांनी रोवणी सुरू होण्यापूर्वीच करावी.