बीजेची कोर आणि घरातला वाद

भाऊबीजेच्या संध्याकाळी आपल्या साखरखेर्डा गावाच्या अंगणांतून पश्चिमेकडे पाहिले, की बीजेची कोर दिसते. ती फार वेळ थांबत नाही, म्हणून घरातल्या बाया घाई करतात. आधी चांदोबाला ओवाळायचे, मग भावाला. पाटाभोवतीची रांगोळी सकाळच्या वर्दळीत थोडी पुसलेली असते, तिच्यावर पुन्हा एक बोट फिरते. निरांजनाची वात वाऱ्याने लवते, तिला आडवा तळहात धरून बहीण भावाच्या कपाळी कुंकू लावते. सोयाबीन एव्हाना निघालेले असते. कपाशी फुटू लागलेली असते, आणि पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात सीतादही करून, म्हणजे दहीभाताचा नैवेद्य काळ्या आईला दाखवून, आपण नव्या पिकाला हात घातलेला असतो. वर्षाचा हिशेब मनात मांडायला याहून योग्य वेळ आपल्या मुलखात दुसरी नाही.

ओवाळणी आटोपते, चिवडा-अनारशांची ताटे ओसरीवर येतात, आणि मेहुण्या-भाऊजींचा दरवर्षीचा वाद सुरू होतो. सरकारने किती करावे आणि माणसावर किती सोडावे, हा तो वाद. पुस्तकात त्याला समाजवाद म्हणतात. आपल्याकडे तो कापसाच्या गाडीवर बसून येतो. १९७१ च्या कायद्याने राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी आली, १९७२-७३ च्या हंगामापासून ती सुरू झाली. व्यापाऱ्याच्या काट्यात आणि रुमालाखालच्या बोटांच्या भावात नागवला जाणारा शेतकरी हमीच्या दराखाली यावा, हा तिच्यामागचा हेतू होता. एक जण म्हणतो, सरकारचा आधार नसता तर खेड्यातला लहान कास्तकार कधीच उठला असता. दुसरा म्हणतो, “भाऊजी, त्या सरकारी केंद्रावर आमची बैलगाडी चार रोज उभी होती, अन् चुकाऱ्यासाठी वर्षभर खेटे घातले, ते कोणत्या वादात बसवायचं?” दोघेही आपापल्या जागी खरे बोलतात, कारण दोघांनीही ते भोगलेले असते. या शतकाच्या आरंभी एकाधिकाराची पकड सुटली, कापूस खुल्या बाजारात गेला, हमीभावाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. आणि वादही राहिला.

अलीकडे मात्र या ओसरीवर एक वेगळीच शांतता उतरू लागली आहे. पाहुणा दारात चप्पल काढतो तोच घरातले कोणी हळूच बजावते, आज राजकारण नको. ही सूचना प्रेमापोटीच येते. पण आपण बोलायचे थांबलो म्हणून आपली मते थांबत नाहीत. ती मोबाइलच्या पडद्यावर, आपल्यासारखेच बोलणाऱ्यांच्या घोळक्यात, अधिकच कडवट होत जातात. समोर बसलेल्या माणसाला ‘तू चुकतोस’ म्हणताना त्याचा चेहरा दिसतो, त्याने आपल्या आजारपणात काढलेली रात्र आठवते, आणि जीभ आपोआप मऊ होते. हे बंधन नात्यानेच घातलेले असते. ते नाकारून आपण वादही गमावतो आणि हळूहळू नातेही.

महाराष्ट्राला हा घरातला वाद नवा नाही. १९६० साली बारामतीच्या लोकसभा पोटनिवडणुकीत वसंतराव पवार शेतकरी कामगार पक्षाकडून उभे होते. आई शारदाबाईंपासून घराचा कल त्याच डाव्या विचाराकडे होता. विशीच्या उंबरठ्यावरचे धाकटे बंधू शरद पवार यांनी मात्र आपल्या विचाराप्रमाणे काँग्रेसचे काम केले, आणि निवडूनही काँग्रेसचाच उमेदवार आला. घर त्यामुळे मोडले नाही. पुढे त्याच घरचे जावई झालेले प्रा. एन. डी. पाटील हे शेतकरी कामगार पक्षाचे जन्मभराचे शिलेदार. १९७८ साली मेहुणा मुख्यमंत्री आणि हे सहकारमंत्री, असे दोघे एका मंत्रिमंडळातही बसले. आणि १९९३ मध्ये पवार मुख्यमंत्री असताना एन्रॉनचा वीजखरेदी करार झाला, तेव्हा त्या प्रकल्पाविरुद्धच्या लढ्यात एन. डी. उभे राहिले. २०२२ च्या जानेवारीत ते गेले तोवर त्यांनी ना आपला लाल झेंडा खाली ठेवला, ना सासरचा उंबरा वर्ज्य केला. मेहुण्याच्या सत्तेचा आधार घेऊन विचार सोडणे सोपे होते, विचारासाठी नाते तोडणेही सोपे होते. त्यांनी अवघड वाट धरली.

विचार बदलतात, हेही आपण मान्य करायला हवे. १९३० नंतरच्या सत्याग्रहात नाशिकच्या तुरुंगात काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना रुजली, तेव्हा जयप्रकाश नारायण आणि अच्युतराव पटवर्धन यांच्या सोबतीला मिनू मसानीही होते. तेच मसानी १९५९ मध्ये मुक्त अर्थव्यवस्थेचा पुरस्कार करणाऱ्या स्वतंत्र पक्षाच्या संस्थापकांत होते. संविधान सभेत १५ नोव्हेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शाह यांनी ‘समाजवादी’ हा शब्द पहिल्याच कलमात घालण्याची सूचना मांडली, तेव्हा शेतीसुद्धा राज्याच्या मालकीची असावी असे एका वर्षापूर्वीच लिहिणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. समाजाची घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावे, आजच त्यांचे हात बांधू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. १९७६ मध्ये ४२ व्या दुरुस्तीने तो शब्द उद्देशिकेत आला. पण बाबासाहेबांनी लोकांवर सोपवलेले ते ठरवण्याचे काम संपलेले नाही. ते आपल्या ओसरीवरही चालते, आणि चालले पाहिजे.

आपल्या गावाच्या मातीने वादाचा दुसरा शेवटही पाहिला आहे. १७२४ च्या ऑक्टोबरात, ऐन याच दिवसांत, दक्षिणेच्या सत्तेसाठी निजामउल्मुल्क आणि मुबारिजखान यांच्या फौजा साखरखेर्ड्यात भिडल्या. मुबारिजखान पडला, दक्षिणेत आसफजाही सत्तेचा पाया घट्ट झाला, आणि विजयाची खूण म्हणून गावाला फत्तेखेर्डा असे नाव दिले गेले. लोकांनी ते नाव जिभेवर धरले नाही, साखर राहिली. त्याच गावात पळसिद्ध महास्वामींचा वीरशैव मठ आहे आणि रामदासी परंपरेतल्या प्रल्हाद महाराजांचे स्थानही आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी दिलेले दोन शब्द त्या मठाच्या परंपरेत आजही जिवंत आहेत: कायक आणि दासोह. स्वतःच्या घामाने मिळवावे, ते कायक. मिळवलेले सर्वांत वाटावे, तो दासोह. ओसरीवरचा एक जण कष्टाच्या आणि कमाईच्या स्वातंत्र्याविषयी बोलत असतो, दुसरा वाटणीविषयी. आपल्या पूर्वजांनी हे दोन्ही एकाच माणसाकडून मागितले होते.

आणि हा वाद ऐन रंगात असताना रिकामी ताटे उचलायला जी आत-बाहेर करते, तिच्याकडे आपण पाहिले आहे का? एकाची ती बायको, दुसऱ्याची बहीण. पहाटेपासून तिचे कायक चालले आहे. मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. तरीही कित्येक घरांत सातबाऱ्यावर तिचे नाव लागण्याआधीच हक्कसोडीच्या कागदावर तिची सही होते, आणि माहेर तुटू नये म्हणून ती हसून करते. बदल्यात बीजेला साडी येते. बाजार मोकळा करा म्हणणाऱ्या शेतकरी नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक देऊन शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला सांगितले, आणि अनेकांनी ती केली. समतेची भाषा बोलणाऱ्या चळवळींनीही हाच हक्क मागितला. म्हणजे ओसरीवरच्या दोन्ही पक्षांना निदान एका गोष्टीत मतभेदाची सबब उरत नाही. राज्याने काय करावे यावर आपण आणखी पन्नास दिवाळ्या भांडू. आपल्या उंबऱ्याआतली वाटणी मात्र कोणत्याही सरकारची वाट पाहत नाही.

म्हणून या बीजेला आपण वाद टाळू नये. फराळ संपेपर्यंत मनापासून भांडावे, समोरच्याचे एक तरी म्हणणे घरी घेऊन जावे. आणि पाटावर बसल्यावर, तबकात ओवाळणी टाकण्यापूर्वी, आपण तिचे काय देणे लागतो हे एकदा स्वतःशी मोजावे. नुसती नोट त्या तबकाला पुरणार नाही, असे वाटले तर दिवाळीच्या सुट्ट्या संपताच तिला सोबत घेऊन तलाठ्याकडे जावे. पश्चिमेची ती बारीक कोर तोवर अंगणावर चांगली भरलेली असेल.