स्वयंपाकघर वहिनींना, कागद भाऊंना

आमच्या हिंगोली जिल्ह्यात हळदीचा पैसा हातात आला की घराची आणि प्लॉटची बोलणी सुरू होतात. हिंगोलीच्या, वसमतच्या बाजारात हळद विकली जाते, आणि "लेकरांच्या शिक्षणाला तालुक्याला एखादं घर असावं" म्हणून गावाकडची जोडपी जागा बघत हिंडताना दिसतात. त्यांच्यासोबत एक माणूस हमखास असतो. त्याला कुणी दलाल म्हणतं, कुणी एजंट. तो नुसती जागा दाखवत नाही, सल्लाही देतो. देवघर कुठे असावं, स्वयंपाकघराचं तोंड कुठे असावं, घर कुणाच्या नावावर घ्यावं, बहिणींचं काय करावं, सगळ्यावर त्याच्याकडे उत्तर असतं. वकिलाकडे जायला पैसे लागतात आणि तलाठ्याकडे जायला धीर लागतो. त्यामुळे आपल्याकडे घराच्या बाबतीत बहुतेक कुटुंबांचा सल्लागार हाच असतो.

या सल्ल्याबद्दल मला थोडं लिहायचं आहे, कारण त्यात बाईला काय सांगितलं जातं आणि काय सांगितलं जात नाही, हे आपण नीट ऐकलेलं नाही.

घर दाखवताना काय होतं ते आठवून बघा. "वहिनी, किचन बघा. आग्नेयेला आहे. ओटा मोठा काढलाय, खिडकीतून हवा येते." वहिनी ओट्यावर हात फिरवतात, मांडणीला जागा आहे का बघतात. तेवढ्या वेळात एजंट भाऊंना ओसरीवर घेऊन गेलेला असतो. तिथे भाव ठरतो, इसार ठरतो, फाईल उघडते आणि मिटते. वहिनी बाहेर येतात तेव्हा त्यांना विचारलं जातं, "मग, आवडलं ना?"

आपल्याला ओट्यातलं कळतं यात कमीपणा काहीच नाही. उलट त्या घरात दिवसाचे बारा-चौदा तास जिला काढायचे आहेत तिचेच प्रश्न खरे असतात. एप्रिल-मे महिन्यात बोअरला पाणी राहतं का? नळ किती दिवसांनी येतो? संडास घरात आहे का, आणि त्याचा शोषखड्डा कुठे आहे? रात्री मुलगी शिकवणीहून येते त्या रस्त्यावर दिवा आहे का? 21 मार्च 2024 ला आणि पुन्हा त्याच वर्षी 10 जुलैला कळमनुरी, औंढा, वसमत भागात जमीन हलली. त्यानंतर तर भिंती कशाच्या, कॉलम-बीम घातलेत का, स्लॅबला तडा आहे का, हेही विचारायलाच हवं. पण हे प्रश्न बाईने विचारले तर त्याला "चौकशा" म्हणतात. आग्नेय दिशेचं कौतुक मात्र तिच्यासाठी राखून ठेवलेलं असतं. स्वयंपाकघर वहिनींना आणि कागद भाऊंना, अशी ही वाटणी आहे. ती आपण मुकाट्याने मान्य केलेली आहे.

आता कागदाच्या बाजूचा सल्ला बघू. अलीकडे एजंट आवर्जून सांगतात, "वहिनींच्या नावावर घ्या, फायदा आहे." ही गोष्ट खरी आहे. राज्य सरकारने 1 एप्रिल 2021 पासून बाईच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिलेली आहे. नवऱ्यासोबत जोडनावाने घेतलं तर ही सवलत मिळत नाही, आणि मोकळ्या प्लॉटला ती नाही. सुरुवातीला अशी अट होती की त्या बाईने पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. 2023 साली ती अट काढून टाकली.

सवलतीमुळे का होईना, बायकांची नावं खरेदीखतावर येत आहेत, याचा मला आनंद आहे. पण ज्या बायकांच्या नावावर असं घर आहे त्यांना विचारा. खरेदीखत कुठे आहे? "यांच्या कपाटात." कर्ज किती आहे? "ते यांना माहीत." सही कशावर केली? "जिथे सांगितलं तिथे." कर्जदार म्हणून तिची सही बँकेत आहे, हप्ता थकला तर नोटीस तिच्या नावाने येणार आहे, आणि उद्या "बक्षीसपत्रावर सही कर" म्हटलं की ते घर पुन्हा दुसऱ्याच्या नावावर जाणार आहे. पंधरा वर्षांची अट जाचक होती हे खरं, पण ती काढल्यावर घर परत घेण्याचा रस्ताही मोकळा झाला. म्हणून नाव लागलं की आपलं काम संपलं असं समजू नये. खरेदीखताची एक प्रत, कर्जाच्या कागदांची एक प्रत आणि इंडेक्स दोन तिच्या स्वतःच्या पेटीत हवा. नोंदणी झालेल्या दस्ताचा शोध आता नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरही घेता येतो. आपल्या बचत गटातली कॉलेजात शिकलेली मुलगी तो घेऊन देऊ शकते.

दुसरा सल्ला ऐकू येतो तो गरिबांना. "आत्ता बाँडवर लिहून घ्या, खरेदीखत मागाहून करू." स्टँप पेपरवर मजकूर, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार, आणि घर झालं! पण शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची जागा विकत घ्यायची तर नोंदणी केलेलाच दस्त लागतो, हे मालमत्ता हस्तांतरणाच्या 1882 सालच्या कायद्यात लिहिलेलं आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. ऊसतोडीला जाऊन, उचल फेडून, मंगळसूत्र गहाण ठेवून उभा केलेला पैसा अशा बाँडात अडकतो आणि मूळ मालक तीच जागा दुसऱ्याला विकून मोकळा होतो. त्या वेळी घरात बोलणी कुणाला बसतात? "तुलाच घाई झाली होती घराची."

एजंटाचा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला मात्र आपल्यासमोर दिला जात नाही. तो भावाला दिला जातो. गावाला लागून असलेली जमीन रस्त्यावर आली, तिचे प्लॉट पाडायचे ठरले, की एजंट फाईल बघतो आणि म्हणतो, "सगळं ठीक आहे, फक्त बहिणींच्या सह्या घेऊन टाका. टायटल क्लिअर पाहिजे." मग पंधरा वर्षांत ज्या बहिणीला साधं पत्र नव्हतं तिच्या दारात जीप येते. "ताई, माहेरी चल, दोन दिवस राहा." साडी-चोळी होते, पुरणपोळी होते, आणि तिसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर अंगठा होतो.

मला या प्रसंगात एक गोष्ट फार बोलकी वाटते. मुलीचा वाटा असतो हे भावाला मान्य नसतं, भावकीला मान्य नसतं, पुष्कळदा आईलाही मान्य नसतं. एजंटाला मात्र ते पक्कं माहीत असतं. बँकेचा वकील शोध अहवालात वारसांची यादी मागणार, बहिणीची सही नसेल तर प्लॉट घेणाऱ्याला कर्ज मिळणार नाही, हे त्याला कळतं. म्हणजे बाईचा हक्क फक्त कागदावर आहे असं आपण निराशेने म्हणतो, तेव्हा बाजार त्या हक्काला घाबरून असतो. तिची सही नसेल तर त्यांचा व्यवहार अडतो.

तो हक्क चळवळीच्या रेट्याने आणि कायद्याच्या लढाईने मिळालेला आहे, याची आठवण ठेवायला हवी. 1986 साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावाने जमीन करून द्यावी असं आवाहन गावोगाव झालं. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्माने हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्या मुलींना मुलाच्या बरोबरीने आणलं. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, हा वादही सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला मिटवला, तशी गरज नाही असं सांगून. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलगी 1956 पासूनच वारस आहे. मुस्लिम बहिणींचा वाटा त्यांच्या धार्मिक कायद्यात आधीपासून आहे, मुलाच्या निम्मा. तोही मिळत नाही, सोडूनच घेतला जातो.

यावर आपल्याच बैठकीत बायका म्हणतात, "ताई, वाटा घेतला तर माहेर तुटतं." ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. सासरी मारहाण झाली, नवरा गेला, तर पाठ टेकायला तेवढी एकच जागा असते, आणि चार गुंठ्यांसाठी ती कोण घालवेल? म्हणून सही करणाऱ्या बहिणीला मी दोष देत नाही. पण ज्यांना माहेरी परत यावं लागलं त्या बायकांचा अनुभवही आपण ऐकलेला आहे. सही करून देऊनसुद्धा त्यांना आठ दिवसांत "कधी जाणार?" असं विचारलं गेलं. वाटा सोडल्याने माहेर टिकतंच अशी हमी कोणत्याही कागदावर लिहिलेली नसते.

माझं म्हणणं एवढंच आहे की सही करायची की नाही हे तिने ठरवावं, पण माहीत करून घेऊन ठरवावं. जमीन किती, भाव काय, तिच्या वाट्याला किती येतं, हे सहीच्या आधी तिला कळलं पाहिजे. "कागद घरी नेते, वाचून घेते, आठ दिवसांनी सांगते," एवढं वाक्य बोलायची तयारी झाली तरी पुष्कळ झालं. त्या आठ दिवसांत तिला वाट्याचे पैसे मागता येतील, एखादा प्लॉट मागता येईल, निदान आईच्या नावावर एक खोली कायम राहील अशी अट घालता येईल. आणखी एक गोष्ट पोचवायला हवी. तलाठ्यापुढे साधा जबाब देऊन वाटा संपत नाही. त्याला नोंदणी केलेला दस्त लागतो. नाव गुपचूप कमी होत असेल तर फेरफारच्या नोटिशीवर पंधरा दिवसांत हरकत घेता येते, आणि या नोटिशी आता 'आपली चावडी'वर गाव निवडून बघता येतात.

जिच्या नावावर काहीच नाही तिचं काय? 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्क दिलेला आहे, घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी. भाड्याने खोली शोधणाऱ्या एकट्या बाईला मात्र एजंट पहिला प्रश्न विचारतो, "मालक काय करतात?" दुसरा प्रश्न आडनावाचा असतो. नर्सबाई असो, शिक्षिका असो, नवऱ्याने टाकलेली असो, आणि त्यातून ती दलित किंवा मुस्लिम असली तर हिंगोलीसारख्या गावात तिला खोली मिळवायला किती उंबरे झिजवावे लागतात हे आपल्याला माहीत आहे. त्यावर आपण संघटना म्हणून अजून काहीच केलेलं नाही.

सगळे एजंट वाईट असतात असं नाही. काहींनी बायकांना खरंच चांगल्या गोष्टी सांगितलेल्या आहेत. तेव्हा भांडत बसण्यापेक्षा आपण त्यांना प्रश्न विचारायला लागू. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठं प्लॉटिंग किंवा तेवढ्याहून मोठ्या जागेवर आठपेक्षा जास्त घरांची स्कीम असेल तर ती महारेराकडे नोंदलेली लागते, आणि ती विकणारा एजंटही. "तुमचा नंबर दाखवा" हे वहिनींनी म्हणायला काय हरकत आहे?

आणि बैठकीत एक काम करू. पुढच्या महिन्यात प्रत्येकीने आपल्या घराचा नमुना आठ काढून आणायचा. 2003 सालीच ग्रामविकास विभागाने घरावर नवरा-बायको दोघांची नावं लावण्याचं परिपत्रक काढलेलं आहे. हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. पण 2020 पासून स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी होऊन सनदा निघत आहेत, आणि घर कुणाचं हे ठरवताना हेच रजिस्टर समोर असतं. आज तिथे नाव नसेल तर उद्या सनदेवर कुठून येणार? घरकुल मिळालेल्या बायकांनी तर बघायलाच हवं, कारण प्रधानमंत्री आवास योजनेत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावाने देण्याचा नियमच आहे.

तुमच्या गावात असे उतारे काढलेत तर किती घरांवर बाईचं नाव निघालं ते आम्हाला जरूर कळवा. आणि एखाद्या बहिणीच्या दारात माहेरची जीप आली असेल, तर सही होण्याआधी कळवा.