गाडी न पाहता लावलेली ग्रेड



नवीन जालन्यातल्या मागच्या बैठकीत कापसाच्या भावाची चर्चा संपली. सतरंज्या गोळा होऊ लागल्या, तेव्हा मागे बसलेला एक गडी पुढे आला. सतरा वर्षे फौजेत काढून आलेला. पाच एकर कोरडवाहू, अर्ध्यात कापूस, अर्ध्यात ज्वारी. आता वखरामागे चालवत नाही, कंबर धरते. त्याने पिशवीतून एक कागद काढला. सेवामुक्त होताना झालेल्या मेडिकल बोर्डाचा. अपंगत्व २० टक्के, कायमचे. आणि खाली एक ओळ : आजार सैनिकी सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. त्या एका ओळीने त्याची अपंगत्व पेन्शन गेली.

शेतकऱ्यांच्या अंकात फौजेचे काय काम, असे कुणी विचारील. अहो, फौजेत जातो कोण? ज्या घरात दोन भावांना शेत पुरत नाही, त्या घरातला धाकटा भरतीच्या रांगेत उभा राहतो. पुढे त्याच्याच पेन्शनीतून बियाणे येते, खत येते, सावकाराचे दार टळते. ती पेन्शन बुडाली तर नुकसान आपल्याच शेताचे.

एकाधिकार खरेदीच्या काळात ग्रेडरशी आपण किती भांडलो! पण तो निदान मूठभर कापूस हातात तरी घेत असे. जवानाच्या बाबतीत त्याहून वाईट प्रकार चालला. डॉक्टरांनी तपासून टक्के लिहायचे आणि अलाहाबादच्या पेन्शन लेखा कार्यालयाने माणूस न पाहता ते फिरवायचे. १९९३ मध्ये सॅपर मोहिंदर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे चुकीचे ठरवले. बोर्डाचे मत बदलायचे तर वरच्या मेडिकल बोर्डाने त्या माणसाला पुन्हा तपासले पाहिजे.

मग उरला खुद्द बोर्डाचा निकाल. 'अंगभूत दोष' हे त्यांचे आवडते शब्द. कृषी पदवीधर म्हणून सांगतो, पीक वाळले तर मर आहे की पाण्याचा ताण, हे मूळ उपटून पाहावे लागते. बांधावर उभे राहून 'बियाणेच खराब' म्हणणाऱ्याला आपण गावात फिरकू देत नाही. शिवाय हे बियाणे सरकारने स्वतः पारखून घेतलेले. छाती मोजली, डोळे पाहिले, पळवून पाहिले, तेव्हा दोष दिसला नाही.

नेमके हेच शिपाई धरमवीर सिंग यांच्या खटल्यात २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मांडले. ते १९८५ मध्ये भरती झाले आणि १९९४ मध्ये फिट्सच्या आजारामुळे घरी पाठवले गेले. न्यायालय म्हणाले, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असे धरावे. संशयाचा फायदा त्याला द्यावा. संबंध नाही म्हणायचे तर बोर्डाने कारण लिहावे. सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही, सरकारवर आहे.

प्रत्येक आजार फौजेमुळेच होतो, असे माझे म्हणणे नाही. नसेल झाला तर तसे लिहा, पण का ते लिहा.

टक्क्यांचेही गणित समजून घ्या. साधारणपणे २० टक्क्यांच्या आत काही मिळत नाही. पण २० मंजूर झाले की पेन्शनसाठी ते ५० धरतात. ही सवलत मुदत पुरी करून आलेल्यांनाही आहे, असे राम अवतार खटल्यात १० डिसेंबर २०१४ रोजी ठरले. २१ सप्टेंबर २०२३ पासून मात्र नवे नियम आहेत. त्यानंतर सुटलेल्यांनी आपले प्रकरण वेगळे तपासून घ्यावे. अग्निवीरांना तर पेन्शनच नाही. अपंगत्वाची एकरकमी रक्कम आहे, तीही सेवेशी संबंध मान्य झाला तरच. म्हणजे ती एक ओळ त्यांना अधिकच महागात पडणार.

आपली खोड अशी की कागद पत्र्याच्या पेटीत ठेवायचा आणि 'पाहू सुगीनंतर' म्हणायचे. तरसेम सिंग १९८३ मध्ये घरी आले, कोर्टात गेले १९९९ मध्ये. हक्क मिळाला, पण थकबाकी सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दावा करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. बाकीची वर्षे गेली ती गेली. २००८ च्या नियमांत आणखी एक पाचर आहे. पंधरा वर्षे उलटून फौजेने जुने कागद नष्ट केले असतील, तर पुराव्याचा भार जवानावर येतो.

तेव्हा आधी रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करून मेडिकल बोर्डाच्या पूर्ण कार्यवाहीची प्रत मागा. देत नसतील तर माहिती अधिकार आहे. पहिले अपील, दुसरे अपील, तिथेही नाकारले तर सहा महिन्यांत सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्या.

त्या गड्याचा अर्ज आम्ही त्याच रात्री लिहिला. पुढच्या बैठकीला येताना भरतीचा कागद, डिस्चार्ज बुक आणि बोर्डाचा निकाल, तिन्हींच्या झेरॉक्स आणाव्यात. कापसाचा विषय दुपारपर्यंत आटोपू आणि मग याला बसू.